नीरोचं नाणं म्हणून 485 युरोला ओतीव पितळ गळ्यात मारलं

मी फ्रँकफर्टला राहते, नऊ वर्षं रोमन नाणी जमवतेय, त्यामुळे नवखी होती म्हणून फसली असं कृपया कोणी म्हणू नका. रोमन सम्राट नीरोचं सेस्टर्शियस, म्हणजे मोठं पितळी नाणं, जानुस या रोमन देवाच्या देवळाची बंद दारं असलेलं, मला कित्येक वर्षं हवं होतं. लढाई नसली की रोममध्ये ती दारं बंद करायचे, आणि नीरोने जमिनीवर-समुद्रावर शांतता झाली म्हणून दारं लावली असं नाण्यावरच लिहून घेतलं, दारावरची माळसुद्धा दिसते. विकणारा माहितगार होता. नाण्यावरच्या नीरोच्या मानेच्या टोकाशी बारीक गोळा आहे म्हणजे फ्रान्समधल्या लियोंची टांकसाळ असं त्यानेच सांगितलं, ते खरंही असतं, म्हणून तर विश्वास बसला.

485 युरो अधिक पोस्टाचे 14.50. पैसे फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे मित्र-नातेवाइकांना ऑनलाइन पाठवतात त्या प्रकाराने, पाठव म्हणाला, कमिशन वाचेल. पाठवले. तुम्ही मरा पण असे पाठवू नका.

आणि खरं तर आठवडाभर आधी त्याच माणसाने विकलेल्या नाण्याचा फोटो मी पाहिला होता. त्यातही दाराच्या उजवीकडे, माळेच्या टोकाखाली, तोच तांदळाच्या कणीएवढा खड्डा. मी थांबले, झूम केलं, आणि मनाला समजावलं की गिऱ्हाईक फिरलं असेल, तेच नाणं परत विकतोय. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांना एकाच जागी एकच खड्डा कसा पडेल? साच्यातून ओतलं तरच. हे मला माहीत होतं हो! रात्रीचा 1 वाजला होता, दुसरं कोणी घेईल ही धास्ती होती, दुसरं काही नाही.

घरी वजन केलं तर 19.6 ग्रॅम, असायला हवं 25 च्या आसपास. कडेला कानशीने घासलेली जोडाची रेघ. कडेचा फोटो देत नसेल तर विषय तिथेच संपवा.

बँक म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत. पेमेंटवाले म्हणे या प्रकारात संरक्षण नाही. पोलिसांकडे गेले तर म्हणे हा दोघांमधला खाजगी वाद आहे, ऑनलाइन फॉर्म भरा. भरला, दोन्ही खड्ड्यांचे फोटो शेजारी शेजारी जोडले, ते कोणी उघडले तरी का देव जाणे, 11 आठवड्यांनी सरकारी वकिलांचं चार ओळींचं पत्र, आरोपी सापडला नाही, फाइल बंद. अहो, त्याचा खाते क्रमांक दिला होता मी तुम्हाला!

काल तोच खड्डा परत दिसला. नाव वेगळं, किंमत 520.