जॉर्ज मायकल की अ‍ॅन विल्सन?

दुसऱ्याचं गाणं मंचावर कसं गावं, हा विषय निघाला की रॉकवेडे दोन नावं हटकून घेतात. जॉर्ज मायकलने २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीत, आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ 'समबडी टू लव्ह' गायलं. साथीला फ्रेडीचाच बँड, खुद्द क्वीन, आवाज लखलखीत.

'हार्ट' या रॉक बँडच्या अ‍ॅन विल्सनची परीक्षा मला जास्त कठीण वाटते. २०१२ चा अमेरिकेतला केनेडी सेंटर सन्मान सोहळा, गाणं 'स्टेअरवे टू हेवन' आणि सज्जात बसलेले, ज्यांचं ते गाणं तेच लेड झेपलिन बँडवाले! ड्रमवर त्यांचा दिवंगत ड्रमर जॉन बॉनमचा मुलगा जेसन, मागच्या गायकवृंदाच्या डोक्यावर बॉनम घालायचा तशा गोल हॅट. रॉबर्ट प्लांटचे डोळे भरलेले स्पष्ट दिसतात. मूळ गायकालाच रडवलं की हो बाईंनी! माझं मत त्यांनाच. गाडीत मोठ्याने लावायचं तर मात्र जॉर्ज.