वेल्श पूर्वजांचा शोध: जनगणना की जुनी व्यापारी डिरेक्टरी?

कुटुंब जुळवायचं असेल तर जनगणनाच हवी. १८५१पासून तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव मिळतं. वेल्समध्ये १८९१पासून बोलायची भाषाही. पण ती दहा वर्षांतून एकदाच. मधली वर्षं भरायला डिरेक्टरी, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांची छापील यादी. लेस्टर विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात १७६० ते १९१०च्या दशकांतल्या डिरेक्टऱ्या फुकट पाहता येतात.

खाणकामगार, शेतमजूर डिरेक्टरीत शोधू नका. दुकानदार, कारागीर, गुत्तेवाले भेटतील. गावात पाच जॉन जोन्स असले तर त्यातला खाटीक कोणत्या रस्त्यावर होता ते इथे कळतं, आणि वेल्समध्ये खरी डोकेदुखी सारख्या नावांचीच.

गावांची स्पेलिंग जुनी टाका: लॅनेलीच्या (Llanelli) शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’. यंत्राने वाचलेल्या मजकुरात सुरुवातीचे दोन ‘एल’ बऱ्याचदा बिघडतात, म्हणून शोधपेटीवर न विसंबता गावाचं पान उघडून व्यवसायवार यादी डोळ्यांनी वाचा. छपाईचं वर्ष म्हणजे माहितीचं वर्ष नव्हे. कधी जुन्या आवृत्तीतली नोंद तशीच उचललेली असते, त्यामुळे वारलेला माणूसही दुकान चालवताना दिसतो!