शिकवणी, भाषांतर की मोडी? बडोद्यात शिकताना करण्याजोगं अर्धवेळ काम

हातखर्चापुरते पैसे हवेत, पण काम डोकं गंजवणारं नको, अशा विचारात असलेल्या महाराजा सयाजीराव (एम. एस.) विद्यापीठाच्या मराठी विद्यार्थ्यापुढे बडोद्यात तीन चांगल्या वाटा आहेत: घरी जाऊन शिकवणी, भाषांतर आणि मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडलिपीतल्या कागदांचं देवनागरीत लिप्यंतर. डेटा एन्ट्री किंवा दुकानातला काउंटर यांतही पैसे मिळतात, पण त्यांचा विचार इथे नको. तिन्ही कामं करून मी एकावर स्थिरावलो आहे, तेव्हा मत थोडं झुकतं असणार, हे धरूनच वाचावं.

शिकवणीपासून सुरुवात करतो, कारण ती लगेच मिळते. पहिलं वर्ष डोक्याला खरोखर चालना देणारं असतं. ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे दहावीच्या मुलाला पटेल असं सांगायचं तर आपलंच गणित पुन्हा पायापासून रचावं लागतं. दुसऱ्या वर्षी मात्र तोच धडा, तीच उदाहरणं, तोंडपाठ झालेली. यावर उपाय एकच: एका इयत्तेची दोन मुलं घेऊ नयेत. एक नववीचं गणित आणि एक अकरावीचं भौतिकशास्त्र अशी जोडी ठेवली, तर कंटाळा वर्षभर लांबतो.

पैशाचा हिशेब करताना रस्ता धरायला विसरू नका. फतेहगंजहून संध्याकाळी मांजलपूर गाठायचं तर जाऊन-येऊन तास जातो. म्हणजे दीड तासाची शिकवणी अडीच तासांची होते आणि दिवसाला पडणाऱ्या रकमेला अडीचने भागलं की खरा दर समोर येतो. चालत जाण्याच्या अंतरावरची शिकवणी कमी पैशात घेतली तरी बहुधा परवडते.

पण मला शिकवणीपासून दूर केलं ते पैशाने नाही, आणि मुलांनीही नाही. घड्याळाने केलं. शिकवणीची वेळ मुलाच्या घराच्या सोयीने ठरते: साधारण सहा ते साडेसात, रोज. त्याच वेळी प्रॅक्टिकल लांबतं किंवा ग्रंथालयात हवं ते पुस्तक हाती लागलेलं असतं, आणि ते टाकून उठावं लागतं. याहून वाईट गोष्ट वर्षाअखेरीस होते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात येते, म्हणून जानेवारीपासून पालक रविवारही मागतात, आणि त्यांचं चूक नसतं. आपल्या जर्नल, सबमिशन आणि सेमिस्टर परीक्षेचे दिवस नेमके त्याच सुमारास येतात. बदली शिक्षक पालकांना चालत नाही, सुट्टी मागायला आपल्यालाच संकोच वाटतो. कामाचे तास कमी असूनही दिवस मोकळा राहत नाही. माझ्या मते तिथेच निकाल लागला. तुमची कॉलेजं सकाळची असतील, प्रॅक्टिकल नसतील, तर कदाचित हा त्रास जाणवणारही नाही.

भाषांतराला वेळेचं बंधन नाही, रात्री अकरालाही करता येतं. गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा अंगवळणी असणं हे बडोद्याच्या मराठी घरांतलं मोठं भांडवल आहे. पण सध्या एजन्सीकडून येणाऱ्या कामात यंत्राने केलेलं भाषांतर तपासण्याचा भाग बराच असतो, आणि दर कोऱ्या भाषांतरापेक्षा कमी. हे काम वरवर सोपं दिसतं. वाक्यं गुळगुळीत असतात, त्यामुळे लक्ष सैल पडतं आणि नेमका एखादा नकार गळालेला नजरेतून सुटतो. म्हणून आधी मूळ वाक्य वाचायचं, मग यंत्राचं. उलट क्रमाने वाचलं की यंत्राचंच वाक्य बरोबर वाटू लागतं. डोक्याला खाद्य हवं असेल तर चित्रपट-मालिकांची उपशीर्षकं (सबटायटल्स) बरी. एका ओळीत साधारण ४२ कॅरॅक्टर आणि जास्तीत जास्त दोन ओळी, एवढ्यात संवाद बसवायचा म्हणजे शब्द तोलून घ्यावे लागतात. काम घेताना शब्द मूळ मजकुराचे मोजणार की भाषांतराचे आणि पैसे किती दिवसांत मिळणार, या दोन गोष्टी लेखी घ्या.

आता मोडी. हे काम गायकवाडांच्या राजधानीत शिकणाऱ्याने निदान चाचपून तरी पाहावं. राज्य अभिलेखागाराची दक्षिण वर्तुळ कचेरी इथे आहे आणि संस्थानच्या दप्तरातले मोडी कागद अभ्यासणाऱ्यांना वाचून देणारा माणूस लागतो. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या जुन्या घरांत इनामाचे, देवस्थानाचे, वाटणीचे कागद आहेत. शिवाय २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांची गरज तिकडेही वाढली. स्कॅनवरून ते काम बडोद्यात बसून होऊ शकतं.

डोकं कसं चालतं, ते एका उदाहरणात पाहा. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसतं आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ओळीत 'दोनशेतेत्यास' अशी अक्षरं आली. ती 'दोन शेते त्यास' की 'दोनशे ते त्यास'? पुढे क्रियापद 'दिली' असेल तर शेतं, 'दिले' असेल तर रक्कम. त्या शब्दाचं टोकच फाटलं असेल, तर वरच्या चार ओळींत रुपयांचा विषय चाललाय की जमिनीचा, हे पाहावं लागतं.

तारखांचंही तसंच. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे अरबी शब्दांत आठ, सत्तर, शंभर, हजार. जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर या कालगणनेचं सन ११७८. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे इसवी सन १७७७-७८. आकड्यांत नवखा माणूस हमखास चुकतो. '१२॥।=' म्हणजे बारा रुपये चौदा आणे: तीन उभ्या रेघा बारा आण्यांच्या, दोन आडव्या दोन आण्यांच्या. आडव्या रेघा नुसती खूण समजून सोडल्या की दोन आणे गेले आणि खालची बेरीज जुळत नाही. म्हणून बेरीज करून पाहणं हीच सर्वांत चांगली तपासणी.

शिकताना आंग्लकालीन कागदांपासून सुरुवात करावी, पेशवाईतले नंतर, शिवकालीन शेवटी. रोज पाऊण तास दिला तर साधे कागद वाचता यायला काही महिने लागतात, आणि त्या काळात कमाई शून्य. ही मोडीची खरी अडचण. काम सलग येत नाही, ही दुसरी.

काम घेताना मूळ कागद घरी आणू नका. ३०० डीपीआयचा रंगीत स्कॅन मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबली जाते आणि बारीक रेघा नेमक्या पुसतात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ ओळ जिथे संपते तिथेच आपली ओळ तोडून बाळबोधीत (देवनागरीत) उतरवा, ओळींना क्रमांक द्या. शंका असलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह, फाटलेली जागा टिंबांनी. अंदाजाने भर घालायची नाही. दुसरं वाचन दुसऱ्या दिवशी करा आणि तिसऱ्यात फक्त आकडे व नावं पाहा. लिप्यंतर आणि आजच्या मराठीत अर्थ ही दोन कामं आहेत, त्यांचे पैसे वेगळे ठरवा, निम्मे आधी घ्या. कागद भाऊबंदकीच्या वादातला असेल, तर जमीन कोणाची यावर अवाक्षर काढू नका. कोर्टात लावायची प्रत हवी असेल, तर प्रमाणपत्र असलेल्या वाचकाकडे पाठवा.

या महिन्यातच पैसे हवे असतील, तर शिकवणी घ्या. दुसरं काही सुचवणं योग्य नाही. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि घरची मराठी पक्की असेल, तर घराजवळची एकच शिकवणी धरून रात्रीचा पाऊण तास मोडीला द्यावा, असं मला वाटतं. परीक्षा आली की मोडीचा कागद महिनाभर बाजूला ठेवता येतो, फक्त मुदत ठरवताना ते आधी सांगितलेलं असावं. सुरुवातीला घरात किंवा ओळखीत असलेलं एखादं जुनं खरेदीखत मागून घ्या: गाव, माणसं आणि रकमा आधीच ठाऊक असतात, त्यामुळे अक्षरं लवकर ओळखू येतात.