उलटी मिटणारी छत्री: पाच महिने, एक मोडकी काडी आणि डब्यात सांडलेली गवार

मे महिन्यात ही छत्री मागवली तेव्हा माझा हिशोब सरळ होता. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून, म्हणजे हातात पंधरा-वीस दिवस आहेत. शनिवारी छत्री घरी आली आणि सोमवारी, 26 मे 2025 ला, मान्सूनही आला. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा 1918 सालचा विक्रम यंदा मोडला. नवी छत्री आरशासमोर एकदा उघडून बघायची असते, तेवढाही वेळ मिळाला नाही. लेबल मुठीला तसंच लटकत होतं, त्या अवस्थेत घेऊन पळाले.

आता ऑक्टोबर संपत आलाय. पाच महिने ही छत्री रोज बॅगेत होती, म्हणून लिहायला बसलेय. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच तारे देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. छत्री काय असते ते कळायला एक जुलै अंगावर काढावा लागतो.

माझा रोजचा रस्ता मुलुंड ते करी रोड. करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे जाता-येता स्लोच. तिथून पूल ओलांडून लोअर परळच्या ऑफिसपर्यंत बारा-पंधरा मिनिटं चालत. आता साधं गणित करा. घर ते स्टेशन आठ मिनिटं, इकडची पंधरा, परतीचं तेवढंच, आणि दुपारी चहाला खाली उतरले तर थोडं वर. म्हणजे दिवसभरात छत्री उघडी असते ती पाऊण-एक तास. उरलेले दहा तास ती ओली, मिटलेली आणि कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागत असते. छत्री घेताना आपण बघतो ते सगळं उघड्या छत्रीचं: घेर केवढा, वाऱ्यात टिकेल का, रंग कसा आहे. लोकलने जाणाऱ्या माणसाचं खरं दुखणं वेगळंच असतं. ही ओली वस्तू आता ठेवायची कुठे?

त्या एका प्रश्नासाठी मी ही उलटी मिटणारी घेतली. साधी तीन घड्यांची छत्री मिटली की ओली बाजू बाहेर राहते. हिचं कापड मिटताना वरच्या दिशेला उलटं वळतं, ओली बाजू आत जाते आणि बाहेर राहते ती कोरडी, आतली बाजू. दहा काड्या, फायबरच्या. बटण एकदा दाबलं की उघडते, परत दाबलं की मिटते. किंमत 849 रुपये. आमच्या वाण्याच्या काट्यावर वजन भरलं 430 ग्रॅम. (वाण्याने शून्यावर काटा आणून, गूळ तोलावा इतक्या गांभीर्याने तोलून दिली.)

मुद्द्याचं आधी सांगते: आत जायचं ते पाणी खरंच आत जातं. पहिल्या आठवड्यात मी ती तशीच बॅगेत टाकली, लॅपटॉपच्या शेजारी, आणि मुलुंडपासून करी रोडपर्यंत जीव मुठीत धरून बसले. लॅपटॉप कोरडा. डबा कोरडा. सोबतच्या फायलीची कडासुद्धा भिजली नव्हती. खूश झाले.

पण आत गेलेलं पाणी आतच असतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मूठ खाली ठेवली की मिटलेल्या छत्रीचा चक्क पेला होतो. त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या गेटवर बटण दाबलं आणि सकाळपासून साचलेलं पाणी चारी बाजूंना उडालं. त्यातलं बरंचसं वॉचमनकाकांच्या नोंदवहीवर. शाईचं पेन असल्यामुळे त्या दिवशी कोण किती वाजता आलं हे आता कुणालाच कळणार नाही. काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले. तेव्हापासून बॅगेत टाकण्याआधी मूठ वर, तोंड खाली करून दहा-बारा वेळा दणकून झटकते. एवढं केलं की पुरतं.

खरा राग आहे तो मिटण्याचा. बटणाने मिटतं ते फक्त कापड. दांडा आत ढकलावा लागतो आपल्यालाच, आणि आतली स्प्रिंग अशी काही जोर करते की विचारू नका. 'खट्' आवाज होईपर्यंत ढकलायचं. अर्ध्यात हात सुटला तर दांडा गोळीसारखा बाहेर येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लेडीज डब्यात मला चौथी सीट मिळाली होती. सायन सोडलं, कुर्ल्याच्या अलीकडे गाडी रेंगाळली होती. समोरच्या मावशी मांडीवर पेपर पसरून गवार मोडत होत्या, घरी पोचल्यावर नुसती फोडणीला टाकायची या बेताने. मी गुडघ्यावर टेकवून दांडा आत ढकलत होते. खट् व्हायला बोटभर राहिलं होतं आणि ओला हात सटकला. छत्रीचं टोक थेट पेपरवर. अर्धा किलो गवार डब्यात पावसासारखी पडली, काही शेंगा पलीकडच्या बाईंच्या केसांत.

क्षणभर सगळा डबा गप्प. मग मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, छत्री आहे का भाला?"

चौघी-पाचजणी वाकून गवार वेचायला लागल्या. विद्याविहार येईपर्यंत वेचत होतो. वेचता वेचता मावशींनीच छत्री हातात घेतली, उलटसुलट केली आणि सांगितलं, "गुडघ्यावर नको टेकवू. दोन्ही हात मुठीला धर, टोक सीटच्या कडेला लाव आणि अंगाचा भार टाक. कुकरचं झाकण बसवतेस ना, तसं." मॅन्युअलमध्ये चार चित्रं आहेत, त्यात हे नाही. आजतागायत मी तशीच मिटते आणि हात एकदाही सटकला नाही. पण ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे, किंवा ज्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घ्यायची आहे, त्यांनी ही घेऊ नये. हे मी अगदी स्पष्ट सांगते.

वाऱ्याचं म्हणाल तर अपेक्षेपेक्षा बरी. भरती बघायला आम्ही ऑफिसातले चौघं एका शनिवारी मरीन ड्राइव्हला गेलो होतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. आमच्या टीममधल्या एकाने ती यादी फोनमध्ये जपून ठेवली आहे, सुट्ट्यांची यादी ठेवावी तशी. कठड्यापासून लांबच उभे होतो, तरी वारा असा की दोघांच्या छत्र्या उलट्या झाल्या आणि एकीची काडी कापडातून आरपार. माझीही उलटी झाली. पण ही मुळातच उलटी वळणारी. बटण दाबलं, मिटली, परत दाबलं, उघडली. जणू काही झालंच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लाट आली आणि आम्ही छत्रीसकट नखशिखांत भिजलो, ती गोष्ट वेगळी.

बटणाचा एक फायदा मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पुलाच्या जिन्यावर शेवटच्या पायरीला जो तो छत्री उघडायला थांबतो आणि मागची गर्दी तुंबते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पुलावर असाच पाऊस होता, माणसं जिन्यावर अडकली होती, आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. आमच्या ऑफिसपासून तो पूल चालत जाण्याइतका जवळ आहे. पायरी उतरता उतरता, न थांबता, एका हाताने छत्री उघडता येणं मला तरी किरकोळ वाटत नाही. मात्र वर टोक कुणाच्या डोळ्याकडे आहे ते बघूनच दाबा.

आईचं मत अजून प्रतिकूल आहे. तिच्याकडे वाकड्या मुठीची काळी लांब छत्री आहे, आजोबांची. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला तेव्हा, आई सायनहून मुलुंडला चालत आली होती. त्या पावसात छत्री उघडून काही उपयोगच नव्हता. ती मिटलेलीच धरून, कमरेएवढ्या पाण्यात पुढची जमीन चाचपडत, उघडं गटार तर नाही ना बघत ती आली. आठ तास लागले. माझी छत्री तिने पहिल्यांदा हातात घेतली, वीतभर लांबी बघितली आणि विचारलं, "हिने गटार कसं चाचपायचं?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण लांब छत्रीचं एक आहे. ती लोकलमध्ये रॅकच्या दांडीला अडकवायची आणि मग विसरायची. गेल्या तीन वर्षांत माझ्या तीन छत्र्या अशाच सीएसएमटीला एकट्या गेल्या आहेत. ही बॅगेत जाते म्हणून पाच महिने माझ्याकडे आहे. माझ्यासाठी हाच विक्रम.

आता वासाबद्दल. ओली बाजू आत म्हणजे ती वाळतही नाही. दोन दिवस बॅगेतून बाहेर काढली नाही तर असा कुबट वास सुटतो की ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याने आपला डबा उघडून हुंगला होता. रोज रात्री उघडून वाळवावीच लागते. आमच्या वन रूम किचनमध्ये उघडी छत्री म्हणजे घरात एक माणूस जास्त. कपड्यांच्या दोरीवर जागा नाही, गॅलरी नाही. शेवटी बाथरूममध्ये गीझरच्या पाइपला लटकवते आणि सकाळी सगळ्यात आधी अंघोळीला जाणारे बाबा रोज एकदा त्यात डोकं अडकवून काहीतरी पुटपुटतात.

ऑगस्टमध्ये दोन ठिकाणी गंज दिसला, काड्या जिथे दांड्याला जोडल्या आहेत तिथे. काड्या फायबरच्या असल्या तरी सांधे लोखंडाचेच. त्या महिन्यातल्या मोठ्या पावसात एक काडी सांध्यातून निखळली. स्टेशनबाहेर पावसाळाभर बसणाऱ्या छत्रीवाल्याकडे गेले. त्याने उघडली, मिटली, उघडली. मग डब्यातल्या सगळ्या काड्या चाळल्या. "हिचा माल मिळत नाही, ताई. साधी असती तर पाच मिनिटांत नवी काडी टाकून दिली असती." शेवटी काडी जाड दोऱ्याने सांध्याला बांधून दिली आणि तीस रुपये घेतले. निघताना म्हणाला, "बांधलंय, पण बटण जपून दाबा." बटणाची छत्री घ्यायची आणि बटण जपून दाबायचं. कंपनीच्या वॉरंटीत काडी येत नाही, फक्त कापडाची शिवण येते, हे मला तेव्हा कळलं. घेण्याआधी ते कागद वाचा.

घेर माझ्यापुरता ठीक. पाठीवरची सॅक भिजते, पण लोकलची सवय म्हणून मी ती पुढेच घालते. दोघांत एक छत्री मात्र विसरा, एकाचा खांदा भिजणारच. रंग गडद निळा आहे, उतरलेला नाही.

मी तिला साडेतीन देईन. रोज लोकल, बॅगेत लॅपटॉप आणि छत्र्या हरवायची सवय, असं असेल तर घ्या. रिक्षाने जात असाल तर दीडशेची साधी पुरते. दुकानातून घेणार असाल तर हात ओले करून दांडा तीन-चार वेळा आत ढकलून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

दिवाळीनंतर मी ती वाळवून, पावडर लावून कपाटावर ठेवली होती. परवा संध्याकाळी पुन्हा गडगडायला लागलं तेव्हा बाबांनीच ती खाली काढून दिली. दोरा अजून टिकून आहे.