नदीकाठच्या सायकलफेरीसाठी मागची सीट की ट्रेलर?

मूल वर्षाचं झालं, मान नीट धरून हेल्मेट पेलू लागलं, की मागची सीट आणि ट्रेलर (मुलाला बसवून सायकलच्या मागे जोडायची छोटी गाडी) या दोन्हींचा विचार करता येतो. वाट सलग आणि रुंद असेल तर आमची पसंती ट्रेलरला; पायऱ्या किंवा अरुंद पूल लागणार असतील तर सीटच बरी.

सीट हलकी आणि स्वस्त, वजनाची मर्यादा बहुतेकदा 22 किलो. पण मुलाचं वजन उंचावर येतं, आणि खरा धोका चालवताना नाही, सायकल उभी करताना असतो. नदीकाठच्या मऊ मातीत साइड स्टँड रुततो, मूल एका बाजूला झुकतं आणि सायकल आडवी होते. म्हणून मुलाला सगळ्यात शेवटी बसवा, सगळ्यात आधी उतरवा, आणि सायकलवरचा हात मधल्या वेळात सोडू नका.

ट्रेलरचं वजन खाली असतं. जोडणी फिरती असेल तर सायकल पडली तरी तो सहसा उभाच राहतो. रुंदी मात्र साधारण 80 सेंटीमीटर. वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवणारे खांब असतील तर अंतर आधीच मोजून ठेवा. वळताना त्याचं आतलं चाक सायकलपेक्षाही आतून जातं आणि कठड्याला घासतं, त्यामुळे वळण मोठं घ्यावं. निघण्यापूर्वी जोडणीची पिन आणि सुरक्षा पट्टा ओढून पाहा.