हाइडमध्ये बसायचं तर पफर जॅकेट की घोंगडी?

डिसेंबर-जानेवारीत भिगवणला पहाटे उजनी धरणाच्या काठावर, हाइडमध्ये म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात, पक्षी टिपायला बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर ट्रेकिंगचं जॅकेट असतं. उन्हं येईपर्यंत त्यातलेच निम्मे उठून हात चोळत फेऱ्या मारायला लागतात आणि काठाजवळ आलेले पट्टकदंब हंस उडवून लावतात. दोष जॅकेटचा नाही, ते चालणाऱ्यासाठी केलेलं असतं. चढावर चालताना शरीर बसल्यापेक्षा पाच-सहा पट उष्णता तयार करतं. गप्प बसलेल्या माणसाची भट्टी जेमतेम शंभर वॅटवर चालते, आणि तेवढ्यातच भागवायचं असतं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, दबा धरून बसणं तेवढं राहिलं. आता हातात कॅमेरा असतो. थंडी मात्र बंदूक आणि कॅमेऱ्यात फरक करत नाही. त्यातही पुण्याच्या शिवाजीनगरचं तापमान बघून कपडे ठरवू नयेत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाषाण किंवा एनडीएकडचा पारा शहरापेक्षा खाली असतो, उघड्या माळावर तसाच. शिवाय सगळ्यात कडक गारवा मध्यरात्री नसतो, तो सूर्योदयाच्या आसपास असतो, म्हणजे नेमका पक्षी हलायला लागतात तेव्हा.

अशा बसण्यासाठी हातमागावरची घोंगडी महागड्या पफर (पिसं भरलेल्या, फुगीर नायलॉनच्या) जॅकेटपेक्षा सरस आहे, हे आमचं मत. पण ती खरी असली पाहिजे आणि पांघरायची रीत माहीत पाहिजे.

पहिला गुण आवाजाचा. नायलॉनचं जॅकेट कोपर हलवलं तरी सळसळतं आणि दहा-पंधरा फुटांवरच्या पक्ष्याला ते पुरतं. घोंगडी मुकी असते, तिचा काळा-करडा रंगही मातीत मिसळून जातो. दुसरा गुण दवाचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. तेच जॅकेट बुडाखाली किंवा पाठीमागे दबलं तरी त्या जागी चपटं होऊन निरुपयोगी ठरतं. तिसरा गुण शेकोटीजवळ कळतो: ठिणगी पडली तर लोकर करपते, नायलॉनला सरळ भोक पडतं.

आता दोष. घोंगडीची वीण मोकळी असते, त्यामुळे वारा आरपार जातो. भिगवणच्या नावेत नुसती घोंगडी घेऊन बसलात तर कुडकुडणार. पातळ विंडचीटर घोंगडीच्या आत घाला, बाहेर नको. वारा आत अडतो, सळसळ घोंगडीखाली दबते. दुसरा दोष वजनाचा. मोठी घोंगडी दोन-तीन किलोंपर्यंत जाते, त्यामुळे लांब चालून जायचं असेल तर ती खांद्याला जाणवते. तिसरा कॅमेरेवाल्यांसाठी: नवी घोंगडी तंतू सोडते. ती अंगावर असताना लेन्स बदललीत तर सेन्सरवर तंतू बसलाच. आणि कडबनवाडीसारख्या गवताळ माळावर कुसळं तिच्यात अशी रुततात की संध्याकाळ ती वेचण्यात जाते. तिथे खाली ताडपत्रीचा तुकडा अंथरा आणि घोंगडीची टोकं त्याबाहेर जाऊ देऊ नका.

विकत घेताना दशांकडे बघा. एक दशी तोडून दुकानाबाहेर जाळून बघायला दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. वितळून टोकाला कडक मणी झाला तर त्यात अ‍ॅक्रिलिकसारखा कृत्रिम धागा आहे. पानिपतकडे जुन्या लोकरी कपड्यांचा धागा पिंजून केलेली ब्लँकेटं गरम असतात, स्वस्तही असतात, पण ती घोंगडी नव्हे. नवी हातमागाची घोंगडी ताठ लागते आणि तिला जरा वास येतो. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे. वापरता वापरता ती मऊ होते, म्हणून ताठ आहे म्हणून नाकारू नका. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची घोंगडी मऊ असते पण महाग. जाडीभरडी घोंगडी मानेला टोचते, त्यावर मफलर हा साधा उपाय आहे. त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. मापाच्या बाबतीत मात्र काटकसर नको. बसून डोक्यावरून घेतल्यावर दोन्ही टोकं गुडघ्यांवर एकमेकांवर चढली पाहिजेत. दुकानातच बसून बघा, लाजू नका.

पांघरायची रीत अशी. घोंगडीचं एक टोक बुडाखाली घ्या, बाकीची पाठीवरून वर आणून डोक्यावर घ्या, वरचा कोपरा आत खोचून खोळ करा आणि डावी बाजू उजवीवर आणा. उजवा हात कोपरापर्यंत मोकळा राहतो, शटर दाबायला तेवढं पुरतं.

या सगळ्यावर पाणी पडतं ते खालून. जमीन अंगातली ऊब सतत ओढत राहते, आणि दबलेली लोकर एकटी तिला अडवू शकत नाही. घोंगडीखाली १० ते १२ मिलिमीटर जाडीचा ईव्हीए किंवा ईपीई फोमचा (दाट, पाणी न पिणाऱ्या फोमचा) तुकडा हवाच. योगा मॅट साधारण ४ ते ६ मिलिमीटरची असते, तिची दुहेरी घडी चालते. गादीचा स्पंज नको, तो बसल्यावर सपाट होतो आणि दव पितो. चिमटीत धरून दाबा: बोटं एकमेकांना जाणवली तर तो फोम परत ठेवा. बुटांखालीही तसाच एक तुकडा टाका. पायांत दोन घट्ट मोजे चढवणं ही नेहमीची चूक. रक्त पोचत नाही आणि बोटं जास्तच बधिर होतात. एकच लोकरी मोजा, आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा.

हात गरम करायच्या पुड्या आता ऑनलाइन सहज मिळतात. आत लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळसा असतो. हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्याची उष्णता मिळते. म्हणून ती पुडी घट्ट बुटात कोंबली तर हवेअभावी थंडच राहते, खिशात चालते. हाइडमध्ये शिरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फोडून ठेवा. काम झालं की झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केली तर उरलेली पुडी पुन्हा वापरता येते. न फोडलेली पुडी हाताला खड्यासारखी कडक लागली तर तिला आधीच हवा लागली आहे, पैसे वाया. थेट कातडीवर ठेवू नका, तासाभरात भाजतं आणि कळतही नाही.

अमेरिकेतले हरणांचे शिकारी मचाणापर्यंत जाड कपडे पाठीवर बांधून नेतात आणि वर पोचल्यावरच घालतात. हे मात्र तसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. गाडीतून उतरल्याबरोबर सगळं चढवून चालत गेलात तर बनियन घामाने भिजतो, आणि ओला सुती बनियन घेऊन बसलेल्याला कुठलीच घोंगडी वाचवत नाही. चालताना जरा गार वाटलं पाहिजे. बसायच्या जागी पोचलं की श्वास खाली येऊ द्या, बनियन बदला, मग घोंगडी.

हंगाम संपल्यावर मशीनमध्ये धुऊ नका. गरम पाणी आणि घुसळण यांनी लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. गार पाण्यात रिठ्याने हलकेच धुवा, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. पूर्ण सुकल्यावर कडुनिंबाचा पाला घालून बंद पिशवीत ठेवा, आणि पावसाळ्यात मध्येच एकदा काढून झटका. कसरीच्या अळ्या लागतात त्या नेमक्या घडीच्या आत.