टाकी आधी काट्यावर ठेवा

गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर आमच्या बोटीची पेट्रोलची टाकी ठेवली, साडेनऊ किलो भरली. तो म्हणाला, "काका, अल्युमिनियमचा भाव लावू का?" म्हटलं, थांब बाबा, आधी मला हिशेब करू दे. हिशेब पाच मिनिटांचा होता. तो दीड महिना आधी केला असता तर 62 हजार वाचले असते.

मी आणि माझे साडू, आम्हा दोघांचं नागपूर जिल्ह्यातल्या एका तलावावर लहानसं बोटिंग आहे. दोघांच्याही नोकऱ्या संपल्या, आता घर यावरच चालतं. चार पायडल बोटी, दोन वल्ह्याच्या आणि एक मोठी, 22 फुटी फायबरची मोटरबोट. नागपूरकर आणि मोटरबोट म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. बोट मूळची कोकणातली, वीसेक वर्षं जुनी, ट्रेलरवर घालून आणलेली. मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन, आणि खाली तळाच्या दोन्ही बाजूंना, फळीच्या आत, 120-120 लिटरच्या दोन अल्युमिनियमच्या टाक्या.

गेल्या फेब्रुवारीत पेट्रोलचा वास यायला लागला. आधी नळ्या बदलल्या. वास तसाच. शेवटी वरची फळी कापली. टाकीभोवती फोम भरलेला असतो, टाकी हलू नये म्हणून. तो लांब सुरीने खणून काढला आणि हातात पिळला, तर भांड्याच्या घासणीतून निघावं तसं पाणी निघालं. म्हणजे तो फोम कितीतरी वर्षं ओला होता, आणि त्यात कोकणातलं मीठही मुरलेलं. अल्युमिनियमला मोकळी हवा मिळाली तर ते स्वतःवर एक पातळ थर धरतं आणि टिकतं. ओल्या फोमने चिकटून बसलं की तो थर धरला जात नाही आणि पत्रा बाहेरून आत कुरतडत जातो. वर नळी जोडायचे पितळेचे निपल थेट अल्युमिनियमवर बसवलेले, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, त्यात अल्युमिनियम जातं. डावीच्या तळाला मिरपूड सांडावी तशी भोकं होती. उजवी जरा बरी, पण तिचाही भरवसा नव्हता.

डावी कुठली, उजवी कुठली, गोंधळ नको म्हणून मी खिळ्याने एका टाकीच्या कोपऱ्यावर "डावी" असं कोरून ठेवलं. हे लक्षात राहू द्या.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एकाने दोन्ही टाक्यांचे 94 हजार सांगितले. म्हणाला, 5083 ग्रेडची, म्हणजे बोटींना चालणाऱ्या अल्युमिनियमची, 3 मिलिमीटरची प्लेट आणीन, प्लेटसोबत कारखान्याचा टेस्ट सर्टिफिकेटचा कागद देईन, तीन आठवडे लागतील. आम्हाला तीन आठवडे जड वाटले. शाळांच्या सहली येऊन राहिल्या होत्या. तेवढ्यात साडूंच्या ओळखीतून अमरावती रोडला एक फॅब्रिकेटर सापडला. तिकडे ट्रकच्या बॉड्यांची, टँकरची कामं चालतात. त्याने 62 हजार सांगितले, आठ दिवसांत.

"भाऊ, टेन्शन नका घेऊ. वीस वर्षांपासून टँकर बनवून राहिलो. ही तं लेकराची टाकी आहे." मग बाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खाऊ घातले. त्या पोह्यांचे पैसे त्यानेच दिले. एवढा एक खर्च त्याच्या नावावर आहे, तो मी नाकारणार नाही.

आम्ही काय काय चुकलो ते एका दमात सांगतो. 40 हजार आधी दिले. बिल कच्चं, वहीच्या पानावर, "दोन टाकी" एवढंच. तोंडी ठरलेली 3 मिलिमीटर जाडी त्यावर नाही, ग्रेडही नाही. प्लेट आली तेव्हा पाहायला गेलो नाही. चांगल्या प्लेटवर ग्रेड आणि लॉटचा नंबर शाईने छापलेला असतो, ती ओळ कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घ्यायची, हे मला नंतर हिंगण्यात कळलं. आणि दोन्ही जुन्या टाक्या "मापाला लागतील" म्हणून त्याच्याकडे ठेवल्या. परत मागितल्या तेव्हा म्हणाला, भंगारात गेल्या, बिलात 1,500 कमी केले. आम्हाला वाटलं, माणूस प्रामाणिक आहे, भंगाराचेही पैसे धरतो.

आठव्या दिवशी गेलो तर दोन टाक्या तयार. जाड राखाडी रंग, चकाचक. वेल्डिंगची एक रेघ दिसत नव्हती. मी विचारलं, रंग कशाला? म्हणाला, गंज नको लागायला. अल्युमिनियमच्या टाकीला रंग लावतात, हे काही चूक नाही. पण वेल्ड पाहायच्या आधी लावलेला रंग हा पडदा असतो.

मग प्रेशर टेस्ट. कंप्रेसरची नळी टाकीला लावली, ट्रकच्या टायरला लावतात ते गेज लावलं. सुई 40 पौंडावर. "पाहा भाऊ, पाच मिनिटं झाली, सुई हलली का?" नाही हलली. मी खूश. साडूंनी व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ नंतर मी वीसेक वेळा पाहिला. टाकीची वरची बाजू एक मीटर लांब आणि 40 सेंटीमीटर रुंद, म्हणजे 4,000 चौरस सेंटीमीटर. गेजवरचे 40 पौंड हे दर चौरस इंचाला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 2.8 किलो. एका बाजूवर अकरा टनांहून जास्त जोर! टाकीत खरंच तेवढी हवा गेली असती तर ती पुरीसारखी फुगून टरकन फुटली असती. व्हिडिओत ती सपाट. सुईखाली, टाकीच्या तोंडाशी एक छोटा कॉक दिसतो, त्याची मूठ आडवी. म्हणजे बंद. हवा नळीत होती, टाकीत गेलीच नव्हती. बोटीच्या पेट्रोल टाकीची चाचणी साधारण 3 पौंडांवर होते, आणि टायरच्या गेजवर 3 पौंड दिसतच नाहीत. एवढ्या मोठ्या आकड्याने मी दिपलो, नेमकं तिथेच खोटं होतं.

टाक्या बसवल्या, फळी लावली, उरलेले पैसे दिले.

एप्रिलमध्ये एका सकाळी शाळेची ट्रिप आली. पोरं लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उभी. आमचा बोट चालवणारा पोरगा तळाचं झाकण उघडून वास घेतो, ही त्याची सवय. तो वर आला आणि हळूच म्हणाला, "काका, वास येऊन राहिला बरं." मी बॅटरीच्या स्विचला हात लावणारच होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, उडून जात नाही, बोटीच्या तळात पाण्यासारखी साचून बसते. तिला एक ठिणगी पुरते. मी हात मागे घेतला. सरांना सांगितलं, बोट बंद आहे. पोरांनी पायडल बोटी घेतल्या, आरडाओरडा केला, त्यांना काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हातपंपाने पेट्रोल काढलं (अशा वेळी विजेचा पंप लावू नका), फळी पुन्हा काढली. डाव्या टाकीच्या तळाला राखाडी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. स्क्रूड्रायव्हर घातला तर रंगासोबत तळहाताएवढं लिंपण निघून आलं. घरी गळत्या नळाला लावतो तसलंच काहीतरी, मऊ झालेलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात असलं लिंपण कितीसं टिकणार! त्याच्याखाली तीच मिरपूड. मी कोपऱ्यावरचा रंग खरवडला. आधी "ड" दिसला, मग काना, मग बाकीचं.

माझंच अक्षर. आमचीच जुनी टाकी आम्हाला 31 हजारांना विकली होती.

जुन्या पेट्रोल टाकीला त्याने वेल्डिंग केलं नाही, एवढं मात्र शहाणपण दाखवलं. रिकाम्या टाकीतही वाफ राहते, वेल्डिंगची टॉर्च लावली की स्फोट होतो. पण ते शहाणपण स्वतःच्या जिवापुरतं.

आता उजवी. ती नवीनच होती, त्यात वाद नाही. तीच मी भंगारवाल्याकडे नेली. हिशेब असा: एक मीटर लांब, 40 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर उंच. सहाही बाजू मिळून 1.64 चौरस मीटर पत्रा. 3 मिलिमीटरचा पत्रा असेल तर वजन 13 किलोच्या वर. आत पेट्रोल डचमळू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, ठरल्या होत्या. त्यांचे आणखी पावणेदोन-दोन किलो. एकूण 15 किलो तरी हवे. काट्यावर साडेनऊ. पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या गेजच्या फ्लोटचं भोक उघडून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, पत्रा 2 मिलिमीटर. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात अल्युमिनियम टाकीला किमान 2.3 मिलिमीटर लागतो, आम्ही तर 3 चे पैसे दिले होते. त्याच भोकातून मोबाइलचा उजेड टाकला, आत मोकळं मैदान. एकही बॅफल नाही. म्हणून लाटेवर बोट वळली की मागून ढप-ढप आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, नवीन टाकीचा असेल.

फोन केला. पहिले तीन दिवस "लग्नात आहो". मग म्हणाला, पोरांनी गोंधळ केला, आणून द्या, पाहतो. मी म्हटलं, टाकी आता माझ्या घरून हलणार नाही, तुम्ही या. तो आला नाही. शेवटी त्याचं म्हणणं असं: "भाऊ, दोनातली एक तं नवीनच होती ना? मग तुम्ही पूर्ण पैसे कसे मांगता?"

ओळखीतल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पक्कं बिल आहे का? दुसरा, पैसे कसे दिले? 40 हजार रोख, 20,500 यूपीआयने. एवढाच कागदी पुरावा. तिसरा प्रश्न मला सुचला नव्हता: बोट धंद्यासाठी आहे, तर समोरचा म्हणेल की तुम्ही ग्राहकच नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी केलेली खरेदी बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेली बसते. आमचं तसंच आहे, ते कागदावर मांडावं लागणार. मुदत दोन वर्षं. 5 लाखांच्या आतल्या दाव्याला ग्राहक आयोगात फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, म्हणाल्या. ती नोंदवली. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. उत्तर अजून नाही.

टाक्या शेवटी हिंगण्यालाच केल्या, 94 हजारांत, तीन आठवड्यांत. या वेळी मी तिथे जाऊन बसलो. प्लेटवरच्या छापाचा फोटो काढला, रंगाआधी प्रत्येक जोड पाहिला. चाचणी त्याने कशी घेतली ते सांगण्यासारखं आहे, कारण ती कुणालाही करता येते. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी. ती भिंतीवर इंग्रजी यू सारखी बांधली, अर्धी पाण्याने भरली, एक टोक टाकीला जोडलं. सगळी भोकं बंद करून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली. दोन्ही बाजूंच्या पाण्यात दोन मीटरहून थोडा जास्त फरक पडला की झाले 3 पौंड. मग जोडांवर साबणाचं पाणी. हे सगळं पहाटे सहाला, सावलीत. एप्रिलच्या नागपुरात उन्हात केलं तर आतली हवा तापून पाणी आपोआप चढतं आणि गळती लपून जाते. मालक म्हणाला, "तुम्ही नळीकडे पाहा, माझ्याकडे नका पाहू." अर्ध्या तासात पाणी तसूभर उतरलं नाही. हे फक्त नव्या कोऱ्या टाकीवर करायचं, पेट्रोल भरलेल्या किंवा नुकत्या रिकाम्या केलेल्या टाकीवर नाही. निपलही त्याने पितळेचे नाही, स्टेनलेसचे लावले. आणि टाक्या या वेळी फोममध्ये पुरल्या नाहीत, रबरी पट्ट्यांवर बसवल्या, खालून हवा खेळेल अशा.

डावी अजून आमच्या मागच्या खोलीत आहे, अर्धा रंग खरवडलेली. साडूंनी परवा विचारलं, "भाऊजी, आता तरी भंगारात टाकू का? खोलीभर वास येतो." म्हटलं, खिडकी उघडी ठेवा, पण निकाल लागेपर्यंत तिला हात लावू नका. तिच्यावर माझं अक्षर आहे.